साडेपाचची धार

"मार की हाक! मोठ्यानं मार! तिकडं लाजती कुणाला?"

आई ओरडत होती राहुरी तालुक्यातल्या आमच्या गोठ्यातून, आणि तिचा आवाज फुटत होता जर्मनीतल्या माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. इअरफोन मी नेमके खोलीवर विसरले होते. त्या ग्रंथालयात पान उलटायचं तरी माणसं आधी इकडंतिकडं बघून घेतात. दोनशे डोकी एकदम वर झाली. मी फोन पोटाशी दाबून जिन्याकडं पळाले, छाती भरून घेतली आणि हाक मारली, "ए बयेऽऽऽ! सोड गं माझी बायऽऽ!"

तीन मजल्यांचा जिना. हाक तळापर्यंत गेली, फरशीवर आपटली आणि परत वर आली. खालचा रखवालदार टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं असावं, हिच्या घरी कुणीतरी गेलं. आणि तिकडं गोठ्यात आमच्या म्हशीनं कान हलवले, शेपटी खाली टाकली आणि पान्हा सोडला. बादलीत चुर्र चुर्र सुरू झालं.

"सोडला बाई," आई म्हणाली. "आता बोल."

ही म्हैस रेडकू होती तेव्हापासून मी वाढवलेली. धारही मीच काढायची. मी परदेशी निघाले तेव्हा घरात सगळे रडले, म्हैस तेवढी शांतपणे रवंथ करत होती. तिनं नंतर दाखवलं. मी विमानात बसले त्या संध्याकाळपासून ती दूध चोरायला लागली, पान्हाच सोडेना. आईनं पेंड पुढं केली, गूळ चारला, शेवटी माझा जुना पंजाबी ड्रेस साडीवरूनच अंगात चढवून धारेला बसली. म्हशीनं ड्रेस हुंगला आणि आईला बादलीसकट उकिरड्यावर पोचवलं. (आई म्हणते, म्हशीनं नुसता पाय उचलला. आईला गोष्टी लहान करून सांगायची खोड आहे.) अखेर आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला फोन लावला आणि तो म्हशीच्या कानाला धरला. मी हाक मारली. पाच मिनिटांत बादलीवर फेस आला.

"आवाज भरून ठिव की मोबाईलात," आण्णा आईला म्हणाले. "पोरीचा अभ्यास तरी हुईल."

"ठिवला हुता. म्हशीला भरलेला आवाज कळतो. लाथ मारली तिनं."

हे ऐकून मला केवढं बरं वाटलं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आमच्या आईला रिकाम्या हातानं बोलताच येत नाही. हात मोकळे असताना गप्पा मारणं तिच्या लेखी चोरीच. म्हशीच्या कानाला फोन लागायच्या आधी, जर्मनीत पोचल्यावरचे पहिले दोन-तीन फोन असे झाले: "जेवलीस? काय? बरं. ठिवते." वीस सेकंद. मग मी त्या परक्या खोलीत बसून भिंतीशी मराठी बोलायचे. भिंतीला हळूहळू 'हूं' म्हणायची सवय लागत होती, तेवढ्यात म्हैस मदतीला आली. धार काढताना आईचे दोन्ही हात अडकलेले आणि तोंड मोकळं. त्या अर्ध्या तासात ती श्वास घ्यायलाही थांबायची नाही. कुणाच्या उसाला तोड आली, कुणाच्या सुनेनं माहेरी जायला पिशवी भरली आणि परत रिकामी केली, आपल्या विहिरीला पाणी कुठवर आहे, सगळं त्या चुर्र चुर्रच्या तालावर. म्हैस आईच्या हाताला रुळली की आपले पुन्हा वीस सेकंद, ही धास्ती मला रात्रंदिवस. तिथून मी एकाही देवाला सोडलं नाही. मागणं एकच: म्हैस अशीच हट्टी राहू दे.

ऑक्टोबर सरताना जर्मनीनं घड्याळं तासभर मागं घेतली. अख्ख्या देशानं ऐकलं, म्हशीनं ऐकलं नाही. तिचे संध्याकाळचे साडेपाच माझ्याकडं आता दुपारी दोनऐवजी एकला वाजू लागले, आणि एकला माझं प्रॅक्टिकल. मी शिकायला गेले होते तेही दुधाचंच शास्त्र, त्यामुळे अडचण निदान विषयाला धरून होती. आमचे प्राध्यापक ताडाएवढे उंच. तीस वर्षांत ते एकदा हसले होते म्हणतात, तेही चुकून. त्यांच्यापुढं उभी राहून मी सरळ सांगून टाकलं, "रोज एकला मला अर्धा तास बाहेर जावं लागेल. माझ्या हाकेशिवाय आमची म्हैस दूध देत नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"किती लिटर?"

"एका वेळेला सात."

"मग जा," ते म्हणाले.

खरं तर पाचच होतं. पण परमुलखात आपल्या म्हशीची इज्जत आपणच राखायची असते.

नोव्हेंबरात आई म्हणाली, "ते तोंड दिसायचं बंद कर. गोठ्यात रेंज न्हाई. नुसता आवाज ठिव." ठेवला. आवाजावर माझं छान भागत होतं. नुसत्या धारेच्या आवाजावरून दुधाची फॅट सांगणारी आमच्या गावात मी एकटी. डेअरीतलं मशीन बिघडलं की मशीनवाल्याच्या आधी मला बोलावणं यायचं. आणि त्या थंडीत धार अशी काही सणसणीत लागायला लागली की मी थक्क झाले.

"आई, फॅट वाढलीय गं!"

"व्हय," आई म्हणाली. "लई वाढलीय."

मागून रोज आण्णांचा आवाज यायचा, "अगं, पंप कुठं ठिवलाय?" आई त्यांच्याकडं लक्षच द्यायची नाही, तिची आपली सुनेची पिशवी चालू. इकडं मी प्राध्यापकांना सांगितलं की थंडीत म्हशीची धार नुसती कानानं ऐकली तरी फॅट वाढल्याचं कळतं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

जानेवारीत एके दिवशी आईनं फोन ठेवला आणि लगेच आण्णांचा आला. म्हशीसाठी केलेल्या त्या पहिल्या फोननंतर आण्णांनी आपणहून कधी फोन केला नव्हता.

"काय झालं आण्णा? आई बरी हाय ना? आन म्हैस?"

"समदी बरी हायेत," आण्णा म्हणाले. "तू तेवढा फोन जरा अलीकडं करत जा. धुई पडती, कांद्यावर करपा आलाय. मला फवारणीचा पंप लागतो, आन तुमचं बोलणं हुईस्तवर अंधार पडतो."

"आवो, पंपाचा आन माझ्या फोनचा काय संबंध?"

"म्हैस आटून दोन महिने झाले," आण्णा म्हणाले. "तुझी आई पंपानं बादलीत पाणी मारत बसती. उद्यापास्नं पाचला कर."