सांडलेलं दान

रविकांत वकिलांच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या नसत्या, तर त्या वर्षीचा वऱ्हाड चषक कुणाच्या तरी घरी गेला असता. अकोल्याला महादेवरावांच्या अंगणात सतरंजीवर मांडी घालून त्यांना बराच वेळ झाला होता, आणि कोर्टातल्या खुर्चीची सवय झालेली ती मांडी केव्हाच संपावर गेली होती. अकोल्याला जिंकायला दोन धावा हव्या होत्या. शेवटची जोडी खेळत होती. महादेवरावांच्या पत्नीनं, जमुनावहिनींनी, चार कवड्या मुठीत खुळखुळवल्या आणि पाटावर टाकल्या. कवड्या अजून गिरक्या घेत होत्या, तेवढ्यात वकीलसाहेब पाय मोकळा करायला उठले. पाय जागेवर होता, पण त्यांच्या ताब्यात नव्हता. ते जे कोसळले ते सरळ पाटावर. किटली लवंडली, चहा सतरंजीभर झाला, कवड्या चार दिशांना उडाल्या.

"तीन उताण्या होत्या! मी पाह्यल्या!" महादेवराव ओरडले.

"पंच, तुम्हाला काय दिसलं?" वकिलांनी पडल्यापडल्या विचारलं.

बडनेऱ्याचे तिकीटबाबू गोवर्धन पंच होते. ते धोतरावरचा चहा झटकत म्हणाले, "मले तुमची पाठ दिसली."

"मले तं वाटलं, भाऊजी कवड्यायच्या पाया पडून राहिले," जमुनावहिनी म्हणाल्या आणि हसत सुटल्या. हसता हसता त्यांना धाप लागली. छातीवर हात दाबत त्या ओट्यावर बसल्या. महादेवराव पाण्याचा तांब्या घेऊन धावले, आणि त्या गडबडीत सामना तिथंच थांबला.

या खेळाविषयी थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की ही शहाणी माणसं रिकामपणी कवड्या खेळत होती. ते क्रिकेट होतं. निदान खेळणाऱ्यांना तरी त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. चार कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितक्या धावा, आणि चारही पालथ्या पडल्या की गडी बाद. पाच गावांचे पाच संघ होते: वकिलांचा अमरावती, महादेवरावांचा अकोला, अकोट, बडनेरा आणि नांदगाव खंडेश्वर. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, हंगाम सुरू व्हायचा, आणि कापूस घरात आला की वरच्या दोन संघांत अंतिम फेरी लागायची. तीनपैकी दोन सामने जिंकेल त्याला चषक. चषक म्हणजे एक पितळी गडवा, पाणी प्यायचा साधा तांब्या होता, पण त्याला गडवा म्हणणाऱ्याला दंड होता. हंगाम संपेपर्यंत तो बडनेरा स्टेशनवर गोवर्धनबाबूंच्या कपाटात राही. त्यांचा स्वतःचा संघ दरसाल पहिल्याच फेरीत गळत असल्यामुळे पुढचा सगळा हंगाम ते निःपक्षपाती पंच असत.

याचा उगमही बडनेऱ्याचाच. छप्पन साली केव्हातरी गाडी चुकली म्हणून रविकांत वकील तिथल्या बाकावर चडफडत बसले होते. शेजारी एक उंच, काळासावळा, टोपी गुडघ्यावर ठेवलेला गृहस्थ खिशातल्या कवड्या बाकावर टाकत होता आणि स्वतःशीच पुटपुटत होता. चारही पालथ्या पडल्या तसा त्यानं "गेला!" म्हणून असा सुस्कारा टाकला की वकिलांना वाटलं, घरी कोणी गेलं की काय.

"कोण गेलं हो?"

"आमचा डॉक्टर. चांगला रमला होता."

हे गृहस्थ म्हणजे महादेवराव, मूळचे अकोटाकडच्या खेड्यातले. थोरले भाऊ शेत पाहत, आणि हे चौथीनंतर अकोल्याला येऊन कापसाच्या एका जिनात मुकादम झाले. जिनाच्या मालकाच्या रेडिओवर त्यांनी क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली. तीही इंग्रजीतली, म्हणजे त्यांना कळला तो फक्त गलका. पण त्या गलक्यानं त्यांना पुरतं धरलं. बॅट त्यांनी आयुष्यात हातात घेतली नाही. बोलणंही बेताचंच. कुणी कसे आहात विचारलं तर "हावो" म्हणत, आणि त्यात तब्येत, पीकपाणी, हवामान सगळं यायचं.

त्यांच्या संघातले गडी मात्र हाडामांसाचे होते. संघात कुणाला घ्यायचं तर त्याच्या घरी जाऊन सुपारी द्यायची, हा त्यांचाच दंडक आणि पुढे सगळ्यांनी उचललेला. त्यांनी पहिल्यांदा पोस्टमनला सुपारी दिली तेव्हा तो आनंदानं म्हणाला, "वा! लग्न कोणाचं हाये?"

"लग्न नाई. तुमी तीन नंबरले खेळून राहिले."

पोस्टमन, मिठाईवाला, होमिओपॅथीचे डॉक्टर, तालमीतले वस्ताद, सगळे असे घरबसल्या अकोल्याकडून खेळत. माणूस जसा, तसा खेळाडू. मिठाईवाल्याचं पोट सुटलेलं, म्हणून त्याला तीन कवड्या उताण्या पडल्या तरी दोनच धावा. तिसरी पळायला तो पोचायचा नाही. आणि माणूस आजारी, तर खेळाडू आजारी. त्याला त्या रविवारी बाहेर बसवायचं. त्यामुळे सामन्याच्या आधी महादेवराव अकरा घरं फिरून तब्येती विचारून येत. वस्ताद टायफॉइडनं पडले तेव्हा यांनी जिनातून सुटल्यावर रोज त्यांच्या उशाशी बैठक मारली. तालमीतल्या पोरांनाही न सुचलेलं काम. लोक म्हणत, काय परोपकारी माणूस! वकील मनात म्हणत, सलामीचा फलंदाज आहे त्यांचा. पुढेपुढे त्यांच्याही लक्षात आलं की या दोन गोष्टींत महादेवरावांना फरकच दिसत नाही.

एका वर्षी अकरावा गडी मिळेना. महादेवराव सुपारी हातात घेऊन अंगणात विचार करत उभे, तर जमुनावहिनी चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मले द्या न थे सुपारी. घरात बसून काय करतो मी?" मूलबाळ नव्हतं. महादेवरावांनी सुपारी दिली. अमरावतीच्या गोटात हशा पिकला, पण नियमांत बायकांना मनाई नव्हती, आणि नियम तर स्वतः रविकांत वकिलांनी लिहिलेले. हजर असलेल्या गड्यानं आपलं दान आपल्या हातानं टाकावं, असंही एक कलम त्यांनीच घातलं होतं. वर्षानुवर्षं ते कुणाच्या कामी आलं नव्हतं; डॉक्टर दवाखाना सोडून कशाला येतील? जमुनावहिनी मात्र दर सामन्याला पदर खोचून येत. हात असा की पाहत राहावं. दोनदा अमरावतीच्या तोंडचा घास त्यांनी शेवटच्या नंबरावर येऊन काढला होता.

तर तो सामना. पहिला अमरावतीनं जिंकला होता. हा दुसरा अकोल्याचा झाला असता, तर तिसरा बडनेऱ्याला व्हायचा होता. चारही पालथ्या पडल्या असत्या, तर चषक अमरावतीला. सांडलेलं दान त्याच गड्यानं, त्याच कवड्यांनी पुन्हा टाकायचं, हेही वकिलांचंच कलम. गोवर्धनबाबूंनी निकाल दिला, "वहिनीले बरं वाटलं का पुन्हा टाकतीन." पण कवड्या गोळा केल्या तर तीनच. चौथी मोरीत शोधली, तुळशीच्या कुंडीत शोधली. गाडीची वेळ झाली. सामना पुढच्या रविवारावर गेला.

अमरावतीला पोचल्यावर प्रमोदिनीबाईंनी नवऱ्याचा चहानं माखलेला कोट धुवायला झटकला, आणि टप्‌कन कवडी फरशीवर पडली.

"अगंबाई! अशिलं आता फी अशी द्यायला लागली का?"

वकील ओशाळले. रविवारी नेऊन देतो म्हणाले. त्या रविवारी मेहुण्याच्या मुलाची मुंज निघाली. पुढच्या रविवारी एका मोठ्या खटल्याचे कागद होते. त्याच्या पुढच्या रविवारी नुसताच कंटाळा होता. एका कवडीसाठी अकोल्याला जायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असंही वाटलं. ती कवडी त्यांच्या टेबलावर दौतीशेजारी पालथी पडून राहिली.

ते अकोल्याला गेले तेव्हा थंडी सरत आली होती. जमुनावहिनी अंगणात बाजेवर होत्या. पाय सुजलेले, तोंड उतरलेलं. हृदयाची झडपच बिघडलेली आहे, डॉक्टरांच्या हातात फारसं नाही, असं महादेवरावांनी दारातच सांगितलं, तेही मिठाईवाल्याच्या पोटाचं सांगावं तशा आवाजात. वकिलांनी कवडी पुढे केली. वहिनींचे डोळे चमकले.

"आनली का भाऊजी? मले वाटलं, अमरावतीवाल्यायनं चोरली. अवो, आना त्या बाकीच्या तीन. टाकतो मी."

महादेवरावांनी कोनाड्यातून तीन कवड्या काढल्या, चौथी वकिलांकडून घेतली, आणि मूठ मिटली.

"नाई. आजारी गडी खेळत नाई."

"बसल्याबसल्या तं टाकाचं हाये! काय धावाचं हाये मले?"

"नियम हाये."

"वकीलसाहेब, काई सांगा न यायले. तुमचाच नियम न थो?"

वकिलांनी घसा खाकरला. त्या एका दानासाठी वाटेल तो नियम मोडायला ते तयार होते. "महादेवराव, मी आक्षेप घेत नाही. टाकू द्या."

"बरी झाली का टाकजो," महादेवराव बायकोला म्हणाले. वकिलांकडे त्यांनी पाहिलंच नाही.

वहिनी जरा वेळ त्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिल्या. मग वकिलांकडे वळून, हळू, पण नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "चारी पालथ्या पडतीन म्हणून भेऊन राहिले हे. एवढा मोठा मानूस!"

मूठ तशीच ठेवून महादेवराव चहा टाकायला आत गेले. एका हातानं त्यांनी चूल पेटवली, एका हातानं चहा गाळला. कपबशी आणून दिली तीही त्याच एका हातानं, आणि दुसरी मूठ गाडीची वेळ होईपर्यंत उघडली नाही.

महाशिवरात्रीच्या आधी जमुनावहिनी गेल्या. वकील अकोल्याला जाऊन आले. अंगणात पोस्टमन होता, मिठाईवाला होता, डॉक्टर होते, काठी टेकत वस्ताद आले होते. एकमेकांना न ओळखणारी ती माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. कुणीतरी वकिलांना विचारलं, हे सगळे यांचे नातेवाईक का? वकील म्हणाले, "नाही, हा अकोल्याचा संघ आहे."

अखजी आली तशी नव्या हंगामाची निकड लागली. अकोटचं पत्र आलं, नांदगावचा निरोप आला: जुना निकाल लावा. वकिलांनी त्यावर बराच खल केला. गडी वारला तर तेराव्यानंतर नाव कमी करायचं आणि घरच्यांनी सुपारी परत करायची, अशी रीत होती. मग दान टाकणार कोण? त्याच हातानं टाकायचं, हे कलम तर त्यांनी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं. अखेर त्यांनी ठरवलं, आपणच माघार घ्यायची. दुसरा सामना अकोल्याला देऊन टाकायचा. मग तिसरा बडनेऱ्याला खेळू, आणि तोही महादेवरावांनी जिंकला तर बरंच. इतक्या वर्षांत गडवा एकदाही त्यांच्या घरी गेला नव्हता. वकिलांनी मनातसुद्धा गडवाच म्हटलं, आणि दंड आठवून त्यांना हसू आलं नाही.

बडनेऱ्याला त्याच बाकावर भेट ठरली. महादेवराव आधीच येऊन बसले होते. टोपी गुडघ्यावर, दाढी वाढलेली. गोवर्धनबाबू खिडकी बंद करून चषक घेऊन आले. त्यांनी तो चिंचेनं घासून लखलखीत केला होता. बाकाच्या मधोमध ठेवला. मालगाडी आली, पाणी घेऊन गेली.

"तब्येत कशी आहे?" वकिलांनी विचारलं.

"हावो."

"डॉक्टर, वस्ताद, सगळे ठीक?"

"वस्तादले गुडघ्याचा त्रास हाये. एकच धाव देऊ आता त्याले."

वकिलांना जरा धीर आला. खेळाचं बोलताहेत म्हणजे बरं आहे. त्यांनी आठ दिवस मनात घोळवलेलं बोलणं काढलं. "महादेवराव, चूक माझी. पडलो मी, कवडी नेली मी, आणि वेळेवर आणली नाही तीही मीच. तेव्हा तो सामना मी सोडला. दुसरा सामना अकोल्याचा. गोवर्धनबाबू, तसं लिहून घ्या."

गोवर्धनबाबूंनी कानावरची पेन्सिल काढली.

महादेवरावांनी खिशात हात घातला. कवड्यांचा बारीक आवाज आला. वकिलांना वाटलं, आता काढतील, टाकतील, आणि एकदाचं काय ते होऊन जाईल. पण हात खिशातच राहिला. त्यांनी लखलखीत चषकाकडे पाहिलं, दुसऱ्या हातानं तो उचलला आणि गोवर्धनबाबूंच्या मांडीवर परत ठेवला. पेन्सिल जागच्या जागी थांबली.

अमरावतीच्या गाडीची घंटा झाली. वकील उठले. या वेळी पाय ताब्यात होता, बाकी काही नव्हतं.

"बरं, मग तिसरा सामना कधी खेळायचा, महादेवराव?"

"दुसरा संपला कुठं, वकीलसाहेब?"