चौदा दाते की वीस

कुळकायदा नवा होता. पौडचा बाजार उठायच्या आत मला कुळांच्या हातात पत्रकं द्यायची होती, आणि रिह्याच्या खिंडीअलीकडेच सायकलचं फ्रीव्हील तुटलं. झाडाखालच्या सायकलवाल्याकडे फक्त फिक्स चक्रं होती. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल मारत राहायचं, थांबायची सोय नाही.

“चौदा दात्यांचं बसवा. वेग हवाय!” मी फर्मावलं.

त्यानं बैल पारखावा तशी माझी पोटरी दाबली, कॅरिअरवरचा पत्रकांचा गठ्ठा उचलून पाहिला आणि चढाला हलकं पडणारं वीस दात्यांचं चक्र काढलं.

“मला न विचारता?” मी भडकलो.

“पोटरीला इचारलं की. येग तुमच्या तोंडात हाय मालक, पायात न्हाई.”

“मालक म्हणू नका! आमचा लढाच मालकांविरुद्ध आहे!”

“बरं, मालक. उतारावर पाय थांबवू नगा, फेकून देईल. त्वांड थांबलं तरी चालंल.”

खिंड मी त्याला शिव्या घालत चढलो, पण एकदाही खाली उतरलो नाही. बाजार अजून भरलेला होता. मी पत्रक उघडून वाचायला लागलो आणि पहिल्याच ओळीला आवाज जरा खाली आला: ‘आपलं बळ किती, हे दुसऱ्याला ठरवू देऊ नका!’