मांडीवरची चप्पल

नव्या ताडपत्रीचा उग्र वास आला की मला म्हसा गावाच्या पलीकडच्या एका आदिवासी पाड्यावरचं कोंदट समाजमंदिर आठवतं. पुराचं वर्ष होतं. मी समाजकार्याची विद्यार्थिनी, एका मदत संस्थेत शिकाऊ. मदत नीट पोचली का हे लोकांना विचारायचं आणि भिंतीला तक्रारपेटी लावून यायची, एवढंच माझं काम. तापल्या पत्र्याखाली ओल्या लुगड्यांची वाफ कोंडली होती आणि दार बायकांनी भरून गेलं होतं. ओढ्यापलीकडच्या घरांना संस्थेने वाटलेली ताडपत्री मिळालीच नव्हती. मी म्हटलं, "तक्रार लिहून पेटीत टाका." दारातली म्हातारी म्हणाली, "पेटी काय बोलनार हाय? तू बोल." बाहेर संस्थेचे साहेब जीपचा हॉर्न वाजवत होते. मी उठले, तर उंबऱ्याबाहेर काढलेली माझी चप्पल म्हातारीच्या मांडीवर. "जबाब दे नि घेऊन जा," ती शांतपणे म्हणाली. कुणीच हसलं नाही. पाठीवरून घाम ओघळत होता. आत बायका, बाहेर हॉर्न आणि मधे मी अनवाणी. शेवटी साहेबच वैतागून आले, सवयीने दाराशी बूट काढून आत शिरले. म्हातारीने चप्पल माझ्यापुढे सरकवली. "तू जा गो बाय, तुझ्याकडं काय नाय," असं म्हणत तिने साहेबांचे बूट मांडीवर घेतले. आता त्या साहेबांसारख्या खुर्चीत मी बसते. पाड्यावर बैठकीला गेले की चप्पल काढण्याआधी दारात कोण बसलंय ते बघते, आणि मगच काढते.