लेकीची उशी

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली मावशी म्हणत. बावीस वर्षं बटणांची काजं करून तिच्या पाठीचा पार खुळखुळा झाला होता. तिथल्या बायकांची एक रीत होती. कायम झालेली बाई घरून उशी शिवून आणायची, तिच्यावर रंगीत दोऱ्यानं आपलं नाव काढायची आणि ती स्टुलाला बांधायची. रोजंदारीवालीनं मात्र नुसत्या लाकडावर बसायचं.

त्या वर्षी सरकारनं मोठ्या मालकांचा कर कमी केला. वाचलेल्या पैशातून ते माणसं कामाला लावणार होते म्हणे! मालकानं तीस नवी मशीनं मांडली आणि मावशीला केबिनमध्ये बोलावून चक्क खुर्ची दिली.

"मावशी, तुमची लेक घरीच असते ना? आणा तिला. आणखीही बायका बघा."

लेक दीड वर्षं घरी बसून होती. मावशी हरखली. नव्या कायम कामगारांच्या यादीखाली तिनं साक्षीदार म्हणून सही ठोकून दिली. लेकीसाठी लाल दोऱ्यानं नाव काढून उशी शिवली आणि पहिल्याच दिवशी स्टुलाला बांधलीसुद्धा. एवढी घाई तिनं जन्मात कधी केली नव्हती.

दुपारी नवी भरती तपासायला सरकारी साहेब आले. शिवणाऱ्या तीस बायका त्यांनी डोळे भरून पाहिल्या आणि चहा पिऊन गेले. चार वाजता मशीनं परत न्यायला टेम्पो आला. मशीनं भाड्याची होती. लेकीच्या हातातला अर्धा शर्ट काढून घेऊन तिला उठवलं. स्टुलं तेवढी कारखान्याची होती.

मावशी तशीच केबिनमध्ये घुसली.

"हा काय तमाशा लावलाय साहेब?"

"शर्ट खपत नाहीत हो मावशी. माणसं घेऊन करू काय?"

"खपत नाहीत हे कराची सवलत घेताना ठाऊक नव्हतं? मागे मास्तर-कारकुनांचा कर कमी झाला, त्यांनी दोन-दोन शर्ट घेतले, तेव्हा चाळीस बायका घेतल्याच होत्या की! तेव्हा तुम्हाला कुणी सवलत दिली होती?"

मालकानं मोबाइलवरून गाडी दाराशी मागवली. सवलतीतून खरी नोकरी एकालाच लागली होती, त्याच्या नव्या गाडीच्या ड्रायव्हरला.

मावशीला किळस आली. मालकाची आलीच, पण यादीखालच्या आपल्या सहीची जास्त आली. स्टुलापाशी येऊन ती उशीच्या गाठी सोडू लागली. लेकीनं तिचा हात धरला.

"राहू दे ना आई. पुढच्या वर्षी ते सरकारी साहेब परत तपासायला येतील. एका दिवसाची मजुरी तरी मिळेल."