मॅनहोलपाशी लाडू

मी मुळातच रागीट. इथे परदेशात, हॅमिल्टनजवळच्या दूध पावडरच्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा साहेबांनी मला पहिलंच काम दिलं ते माझ्या स्वभावाला साजेसं. दुधाच्या मोठ्या टाक्यांमध्ये माणूस उतरतो, तेव्हा काय करायचं आणि काय नाही, याचे नियम लिहायचे. नवरा म्हणाला, "घरच्या फ्रीजवरही एक प्रत लाव."

टाकीतली हवा कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून टाकीत उतरायच्या भोकाशी, म्हणजे मॅनहोलच्या तोंडाशी, बाहेर एक माणूस उभा करायचा. त्याला आम्ही स्टँडबाय म्हणायचो. त्यानं जागा सोडायची नाही आणि आतल्या माणसाशी बोलत राहायचं. त्याचा आवाज थांबला, तर आतल्यानं हातातलं काम टाकून बाहेर यायचं. आणि ज्याचा आवाज थांबला, त्याला त्या कामावरून काढायचं. हे शेवटचं वाक्य मी खास ठसक्यात लिहिलं होतं. माझे बाबाही कारखान्यातच होते. त्यांची फर्स्ट शिफ्ट सुटून ते घरी येईपर्यंत आई जेवायची नाही. मी तिच्यावर चिडायचे, उपाशी राहून त्यांचं काय भलं होणार आहे, असं विचारायचे. माझा विश्वास लेखी नियमांवर.

आमचा स्टँडबाय सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या बेटांवरचा होता, दारात उभा राहिला तर दार दिसू नये असा. सारखं "ओके? ओके?" विचारायचा त्याला कंटाळा, म्हणून तो चर्चमधली गाणी म्हणायचा. मी आधी हरकत घेतली, मग त्याचं गाणं ऐकलं आणि गुपचूप नियमात 'बोलणे किंवा गाणे' अशी दुरुस्ती केली. या कामाचा त्याला केवढा अभिमान! "आया आपली मुलं माझ्या भरवशावर पाठवतात," असं म्हणायचा.

देखभाल विभागात आमचे काका होते. मुंबईचे, रिटायरमेंटला आलेले. नात्यातले नव्हेत, पण परदेशात मराठी बोलणारा पांढऱ्या केसांचा माणूस आपोआप काका होतो. काकूंनी दिलेलं काहीबाही रोज त्यांच्या डब्यात असायचं आणि ते कोणाला तरी खाऊ घातल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही.

नियम तयार झाले आणि त्यांच्याप्रमाणे पहिल्यांदा मीच आत उतरले. हवा तपासून घेतली, व्हॉल्व्हना कुलपं घातली, अंगाला पट्टे बांधले. आत स्टीलच्या भिंती, टॉर्चचा उजेड आणि वरून येणारं गाणं. मी भिंतीवरचे टाकी धुण्याचे फवारे बघत होते. मध्येच गाणं थांबलं.

मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तर नुसतंच काहीतरी घुमलं. माझाच नियम आठवून हातातलं काम टाकलं. कशीबशी शिडी चढले आणि डोकं बाहेर काढलं.

समोर तो होता, आपल्या जागेवरच. दोन्ही गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. शेजारी काका, हातात उघडा डबा. त्याच्या टाळूला अख्खा बेसनाचा लाडू चिकटला होता.

"अगं, तो नको नको म्हणत होता," काका म्हणाले. "मीच म्हटलं, एक तरी घे, बायकोनं केलेत, तिला वाईट वाटेल."

आपल्याकडे पहिल्या नकाराला कोण विचारतं? आणि त्याच्याकडे वडीलधाऱ्यांनी पुढे केलेलं नाकारत नाहीत. दोघांचेही संस्कार उत्तम, आणि आत माझा जीव टांगणीला! मी दोघांनाही चक्क मराठीत झाडलं. त्यानं कसाबसा घास गिळला, "सॉरी, सिस," म्हणाला, आणि गळ्यातलं स्टँडबायचं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं. माझं ते ठसक्यातलं वाक्य त्यालाही पाठ होतं.

माझा राग तिथेच उतरला. काका मागे लागले, "काढायचं तर मला काढायला सांग, त्याला नको." मी कार्ड घेऊन साहेबांकडे गेले. कोण चुकलं, हे त्यांनी विचारलंच नाही. "नियमात काय राहिलं?" एवढंच म्हणाले.

मी पुन्हा लिहायला बसले. त्यानं जागा सोडली नव्हती, त्याला फक्त नाही म्हणता आलं नव्हतं. मग त्याच्या वतीनं नियमानंच नाही म्हणावं. मी लिहिलं, आतला माणूस बाहेर येईपर्यंत स्टँडबायला कोणीही खायला देऊ नये, आणि आग्रह करू नये. आग्रह या गोष्टीला साहेबांच्या इंग्रजीत काय म्हणायचं, यावर माझा बराच वेळ गेला. कामावरून काढायचं वाक्य खोडलं. कार्ड त्याच्या गळ्यात परत गेलं.

पुढच्या वेळी आत उतरले, तेव्हा गाणं एकदाही थांबलं नाही. काम लांबलं. वर आले तेव्हा स्मोको, म्हणजे आमची चहाची सुट्टी, केव्हाच संपली होती. मॅनहोलभोवती लावलेल्या पिवळ्या साखळीपलीकडे काका उभे होते, डब्याचं झाकण घट्ट लावलेलं.

"तुम्ही खाल्लं नाहीत?" मी विचारलं.

"तू आत असताना?" काका म्हणाले. आमचा स्टँडबायही मान हलवत होता.

मला रागवायला काहीच सुचेना. देश सोडल्यापासून माझ्यासाठी न खाता कोणी थांबलं नव्हतं, नवरासुद्धा नाही, त्याला भूक अजिबात सोसत नाही. मला आई फार आठवली. काकांनी झाकण उघडून पहिला लाडू मला दिला, आणि मी तो खाऊ लागेपर्यंत त्या दोघांनी डब्याला हात लावला नाही.