शेवटचा एक टक्का

रविवारची सकाळ. आक्काताई मिक्सरात खोबरं-लसूण फिरवत होत्या, सून माया भाकरी थापत होती, आणि दाराची कडी अशी काही वाजली की मिक्सरही गप्प झाला. दारात यल्लाप्पा घाम पुसत उभा. मागं त्याची इलेक्ट्रिक रिक्षा, स्टँडपासून ढकलत आणलेली.

"वैनी, परत तेच. पडद्यावर तीस टक्के दावती आन् जागंवर बसती. काल पोरं शाळंपतूर चालत गेली. हेडबाई म्हणल्या, सोमवारी थांबली तर दुसरी गाडी बघतो."

लग्नाआधी सहा वर्षं माया शिरवळच्या एका कारखान्यात लिथियम बॅटऱ्यांचं बीएमएस जुळवायची. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या पोटातली पट्टी; कुठला सेल किती भरला, कधी थांबायचं, यावर तिचं लक्ष. कवठे महांकाळला आल्यावर या विद्येचं नाव पडलं 'मायाचं वायरींचं काम', आणि तिला जागा मिळाली ओट्यापाशी, मिक्सरच्या प्लगवर.

शेवटची भाकरी उतरवून तिनं लॅपटॉप जोडला. सेल सगळे धडधाकट. पण बॅटरी होती शंभर अँपिअर-अवरची, आणि पट्टीत भरलं होतं दीडशे.

"हे कुणी केलं, यल्लाप्पाभाऊ?"

"मीच सांगितलं मिस्त्रीला," यल्लाप्पा ऐटीत म्हणाला. "म्हणलं, उघडलीयासच तर वाढव की रं जरा!"

"आवं, शंभराच्या टाकीवर दीडशे लिहिलं म्हणून पाणी वाढतंय व्हय? पडदा तीस दाखवतो, तवा आत ठणठणाट असतोय."

तिनं दीडशेचे शंभर केले. यल्लाप्पाचा चेहरा पडला. "म्हंजी तुमी कमी केली."

"खरी केली."

हे त्याला फारसं पटलं नाही.

आता पट्टीला 'पूर्ण भरली' म्हणजे किती, ते एकदा कळायला हवं होतं. त्यासाठी चार्जिंग पार टोकापर्यंत न्यायचं. तिथं मागं राहिलेले सेल बाकीच्यांना गाठतात आणि पट्टीचं मोजमाप जाग्यावर येतं. मिक्सरच्या प्लगवरून खिडकीबाहेर रिक्षापर्यंत वायर सोडली. चार वाजता नव्याण्णव. साडेचारलाही नव्याण्णव.

"अडकलं जणू," यल्लाप्पा कुजबुजला.

"अडकलं न्हाई, जुळतंय. हात लावू नका," असं सांगून माया परसात वाळलेले कपडे काढायला गेली.

परत आली तर मिक्सर घरघरत होता आणि चार्जरची पिन ओट्यावर आडवी.

"शेंगदाण्याचं कूट करायचं हुतं," आक्काताई म्हणाल्या. "नव्याण्णव झालं की गं! एका टक्क्यानं काय अडलंय? ह्या घरात रिकामं बटण कवा चालू ठिवलं न्हाई."

"मीच म्हणलं, काढा," यल्लाप्पानं पुस्ती जोडली. "घरीबी वरीसभर मी असाच काढतो. उगं जास्त भरून फुगायला नगं."

म्हणजे बॅटरी वर्षभरात एकदाही पूर्ण भरलेली नव्हती. मायानं पिन पुन्हा खोचली आणि ती पाट घेऊन प्लगसमोर बसली. दिवेलागणीच्या आत शंभर झाले.

सोमवारी रिक्षा पोरांनी भरून दारावरून गेली. संध्याकाळी यल्लाप्पा तक्रार घेऊन हजर. "वैनी, थांबत न्हाई, पर पडदा लय कमी दावतोय. मिस्त्रीनं केलं हुतं, तवा बघायला बरं वाटायचं."

आणि आक्काताई शेजारच्या रंगुबाईंना कुंपणापाशी सांगत होत्या, "लय नाजूक काम असतंय बाई. आमच्या मिक्सरच्या प्लगवरच झालं."

मायानं घरात नजर फिरवली. फ्रिजला स्वतंत्र प्लग. बुद्धमूर्तीपुढच्या माळेला स्वतंत्र. पलटणीतला नवरा नागसेन वर्षातून एकदा सुट्टीवर आला की लागणाऱ्या इस्त्रीलासुद्धा स्वतंत्र. आक्काताई आत येईपर्यंत ती थांबली.

"आत्या, मला माझ्या कामाला एक वेगळा प्लग पाहिजे."