पासपोर्ट कुणाकडं?

सिस्टर कुणाच्याही हातात कागद पूर्ण सोडत नसत. बँकेतला क्लार्क त्यांचं आधार कार्ड तपासायचा, तेव्हाही त्याचं एक टोक त्यांच्या चिमटीत असायचं. श्रीरामपुरातली आमची गल्ली त्यांना हसायची. पण मालदीवमधली नर्सची नोकरी अर्ध्यावर टाकून त्या परत का आल्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माझी आई म्हणायची, "काहीतरी केलं असंल तिनं. उगाच कोन परत येतंय?"

मी नर्सिंग पूर्ण केलं आणि मलाही मालदीवचीच नोकरी चालून आली. एजंटाचं ऑफिस संगमनेरला होतं. मी न बोलावता सिस्टर माझ्याबरोबर एसटीत बसल्या. तिथं त्यांनी करार पानन् पान वाचला आणि एजंटाला एवढंच विचारलं, "पोचल्यावर पासपोर्ट कुणाकडं राहणार?" तो म्हणाला, मालकाकडे, अगदी सुरक्षित. सिस्टरनी माझी फाईल उचलली आणि दंडाला धरून मला बाहेर आणलं.

मी भर स्टँडवर त्यांच्याशी भांडले. तुमचं जमलं नाही म्हणून माझंही होऊ देत नाही, इथवर बोलले. त्यांनी मला परतीच्या एसटीत बसवलं. वाटेतलं लोणी गाव मागे पडल्यावर आपणहून सांगू लागल्या. तिथल्या दवाखान्याच्या मालकानं पहिल्याच दिवशी नोंदणीसाठी म्हणून पासपोर्ट घेतला, तो परत दिलाच नाही. इथं सही केलेला करार बाजूला पडला, दुसराच पुढे आला. रोज बारा तास काम, आठवड्याची सुट्टी नाही. वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा मालक म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू.

"पुढच्या महिन्यात जाऊन काय करणार होते मी? माती दुसऱ्या दिवशीच झाली."

त्या ज्याच्या पायाची पट्टी बदलायच्या, त्या बांगलादेशी मजुराचाही पासपोर्ट असाच अडकला होता. दोघं मिळून तिथल्या कामगार कचेरीत गेले. पासपोर्ट मिळाला, नोकरी गेली.

माझा विश्वास बसला, पण पुरता नाही. वर्षभरानं मी दुसऱ्या एजंटाकडून मालदीवला गेले. मॅनेजरनं पासपोर्ट मागितला, तेव्हा मी झेरॉक्स पुढे केली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून घेतली. बरोबरच्या दोन केरळी मुलींनी आपले पासपोर्ट आधीच देऊन टाकले होते. त्या मला घाबरट म्हणाल्या. सहा महिन्यांनी त्याच मला विचारायला आल्या, की परत मागायचा अर्ज कसा लिहायचा.

मी सुट्टीवर आले, तेव्हा सिस्टर दवाखान्यात दाखल होत्या. पोटाचं ऑपरेशन होतं. संमतीचा फॉर्म आला. मी तो आधी मनात वाचला, मग त्यांना वाचून दाखवू लागले, तर त्यांनी मध्येच पेन मागितलं.

"अहो, ऐका तरी."

"तू वाचलास ना?" म्हणाल्या, आणि सही केली.

त्या ऑपरेशनमधून त्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, मला ते पटलंही. तरी तो फॉर्म मी अजून मनात वाचत असते. एखादी ओळ माझ्याकडून सुटली तर नव्हती ना?